हाताला कळतं

सिस्टर: ...आणि वरच्या दिव्याच्या काचेवर डाग आहे, सांगून ठेवते. बावीस वर्षं मी तो दिवा पुसतेय, एकदाही दिसला नाही. इथे आडवं झाल्यावर दिसतोय.

मॅडम: तोंड उघड.

सिस्टर: पेशंट बिचारे अर्धा अर्धा तास त्या डागाकडे बघत पडतात. एकानेही सांगू नये?

मॅडम: सांगणार कसे? तोंडात माझे हात असतात. उघड. ओठ जड झाला?

सिस्टर: अर्धा. डावीकडचा माझा नाहीच असं वाटतंय.

मॅडम: जीभ?

सिस्टर: जीभ चालू आहे.

मॅडम: ते ऐकू येतंय. इंजेक्शन चढायला अजून तीन मिनिटं थांबू. खालच्या दाढेला वेळ लागतो.

सिस्टर: हे मला सांगताय? पेशंटांना रोज मीच सांगते. ‘घाबरू नका, खालच्या दाढेला वेळ लागतो, तोवर मोबाइल बघा.’

मॅडम: आज तू पेशंट आहेस. आणि दुपारची सुट्टी मोडून मी एक चांगलं फिलिंग उकरणार आहे. दोन महिन्यांपूर्वी भरलेली दाढ. नवीन फिलिंग थोडे दिवस ठणकतं.

सिस्टर: थोडे दिवस म्हणजे पंधरा, हेही तुम्हीच सांगता. मला दोन महिने झाले. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जाते. आणि काल काढलेल्या एक्स-रेत फिलिंगच्या खाली सावली आहे.

मॅडम: सावली बाँडिंगची असू शकते. फिलिंग चिकटवायचं ते पातळ औषध खळग्यात जास्त साचलं तर एक्स-रेत काळंच दिसतं. काळं म्हणजे दर वेळी कीड नसते.

सिस्टर: ‘असू शकते’ म्हणालात. ‘आहे’ नाही म्हणालात.

मॅडम: म्हणून तर उघडतेय ना.

सिस्टर: मॅडम, दोन दोन जोड्या हातमोजे कधीपासून घालायला लागलात?

मॅडम: साबणाने कातडी निघतेय. बोटांची टोकं फाटतात.

सिस्टर: साबण मीपण तोच वापरते.

मॅडम: तुझी कातडी जाड आहे.

सिस्टर: ती आहेच, नाहीतर इथे बावीस वर्षं टिकले नसते. पण मी बोट बाँडिंगमध्ये बुडवत नाही. तुम्ही फिलिंग भरलं की बाटलीतला थेंब बोटावर घेता आणि त्या बोटाने फिलिंग गुळगुळीत करता. कुंभार मडक्यावरून हात फिरवतो तसं. किती वर्षं सांगतेय, ब्रश घ्या.

मॅडम: ब्रशने रेघा उठतात. बोटाने उठत नाहीत. माझं फिलिंग तोंडात शोधून दाखव म्हणावं कुणालाही.

सिस्टर: शोधलं की तुमच्या पुतणीने. कामाला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आरसा घेऊन दहा मिनिटं बसली होती. ‘काकू, कार्डावर तर लिहिलंय, पण या दाढेत फिलिंग आहे कुठे?’

मॅडम: अजून सापडलेलं नाही तिला.

सिस्टर: हसलात. बरं वाटलं. बरेच दिवसांत हसला नव्हतात.

मॅडम: इथे टोचतंय?

सिस्टर: कुठे?

मॅडम: म्हणजे झालं काम. आता रबराचा पडदा लावते. तोंडात फक्त ती एक दाढ बाहेर राहील, बाकी सगळं झाकलं जाईल. बोलता येणार नाही.

सिस्टर: तुम्हाला तेवढीच शांतता.

मॅडम: एक बोट म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. पूर्ण हात वर म्हणजे मी थांबायचं. आणि मधेच उठून मला हत्यार द्यायला जाऊ नकोस. ट्रे मी लावलाय.

सिस्टर: लावलाय कसला, सांडलाय. टोचून बघायचा प्रोब उलटा ठेवलाय आणि...

मॅडम: उघड. झालं. आता नाकाने श्वास घे.

(ड्रिलचा आवाज. तो थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. पुढचा बराच वेळ मॅडम एकटीच बोलते.)

मॅडम: कडेला काही नाही. कडा अगदी बंद आहेत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, छान केलंय. चार थर दिले होते. प्रत्येक थर कडक व्हायला वीस सेकंद निळा दिवा. तुला आठवत असेल, तूच धरला होतास. नाही, तू कशी धरणार, तू खुर्चीत होतीस. मीच धरला होता.

मॅडम: वरचा थर गेला. दुखत नाहीये ना? दोन बोटं. बरं.

मॅडम: फिलिंगचा रंग आणि दाताचा रंग, पाण्याखाली काही फरक कळत नाही. जरा वाळवलं की कळतो. दात पांढरा पडतो, फिलिंग पडत नाही. आता दिसतंय कुठे संपतं ते.

मॅडम: तळाला आले. बाँडिंगचाच थर जाड झालेला दिसतोय. कीड उकरायचा चमचा फिरवून बघते. हं. कडक आहे. इथेही कडक. कोपऱ्यातही कडक आहे. स्वच्छ आहे सगळं.

मॅडम: हात कशाला वर केलास? दुखतंय? दोन बोटं. मग?

मॅडम: ट्रेवर काय? हा बोळा? चमचा पुसू? पुसला. बरं, पुसला. काय बघू? ओलं आहे, पाणी आहे ते.

मॅडम: आता कुठे बोट दाखवतेस? ड्रॉवर. कितवा? तिसरा. तिसऱ्यात काय आहे, जुन्या पट्ट्या आहेत. मागे? ही बाटली कुणी मागवली? एक बोट. ‘एक बोट’ काय, मी ‘कुणी’ विचारलं. म्हणजे तू. कीड लाल करून दाखवणारा रंग. मी हा कॉलेजनंतर वापरलेला नाही. याची गरज ज्याच्या हाताला कळत नाही त्याला. माझ्या हाताला कळतं.

मॅडम: पुन्हा हात वर. हट्टी आहेस. बरं. एक थेंब. दहा सेकंद. धुतलं.

मॅडम: लाल आहे.

मॅडम: कोपऱ्यातून आत, जिभेच्या बाजूला. ज्वारीच्या दाण्याएवढं. पण हे बघ, रंग नेहमी खरं सांगत नाही. नसेच्या जवळचा चांगला भागही लाल होतो. यावर लेख आहेत. शेवटचा निकाल हाताचाच असतो. चमचा फिरवते. कडक लागतंय. मला कडकच लागतंय.

मॅडम: आता काय? पडदा काढू? मधेच कसा काढू, थुंकी जाईल आत. अगं, ओढू नकोस. थांब, काढते. कापूस ठेवते दाढेवर. चावू नकोस. बोल.

सिस्टर: पाणी द्या आधी. हं. गळतंय का हनुवटीवरून?

मॅडम: गळतंय. पुसते.

सिस्टर: शेवटचा निकाल हाताचा म्हणालात.

मॅडम: हो.

सिस्टर: मग हातालाच विचारू. उजवा हात इकडे द्या. मोजे काढा, दोन्ही. आणि डोळे मिटा.

मॅडम: हा काय खेळ आहे?

सिस्टर: मी प्रोब लावते. तुम्ही सांगायचं, टोकदार बाजू की बोथट. पेशंटचा ओठ बधिर झाला का बघताना तुम्ही करता तेच. मिटा.

मॅडम: मिटले.

सिस्टर: करंगळी.

मॅडम: टोकदार.

सिस्टर: शाबास. आणि ही अनामिका?

मॅडम: बोथट. गार आहे. लहान मुलांसारखं करतेयस.

सिस्टर: मधलं बोट?

मॅडम: बोथट.

सिस्टर: पुन्हा सांगा.

मॅडम: बोथट. नाही... हो, बोथटच.

सिस्टर: बरं. आता पहिलं बोट.

मॅडम: लाव.

सिस्टर: हं.

मॅडम: लाव ना. माझे डोळे मिटलेले आहेत, मी बघत नाहीये.

सिस्टर: लावलंय, मॅडम.

मॅडम: कधी?

सिस्टर: मगाचपासून. उघडा डोळे.

मॅडम: ही टोकदार बाजू आहे?

सिस्टर: टोकदार. दाबून धरलंय. खळी पडलीय बघा.

मॅडम: अंगठा बघ.

सिस्टर: राहू दे.

मॅडम: बघ म्हणते ना. मी मिटते डोळे. लावलंस?

सिस्टर: लावलं.

मॅडम: हं. हत्यार मी याच दोन बोटांत धरते.

सिस्टर: माहीत आहे.

मॅडम: मधल्यावर काय लावलं होतंस?

सिस्टर: टोकदार. दोन्ही वेळा.

मॅडम: तो प्रोब ट्रेत ठेव. सरळ ठेव.

सिस्टर: तुम्हाला हे आत्ता कळलं असं नका सांगू.

मॅडम: मार्चमध्ये. हातातून कप पडला, आठवतं? तू म्हणालीस कपाचा कान तुटका होता. तो तुटका नव्हता. त्या दिवशी बाँडिंगच्या डब्यातला कागद उलगडून वाचला. बारीक अक्षरात आहे. रबराच्या मोज्यातून ते काही मिनिटांत आत झिरपतं. कातडी जाते, मग मुंग्या, मग संवेदना. कुणाची परत येते, कुणाची येत नाही.

सिस्टर: आणि तुम्ही दुसरी जोडी चढवलीत.

मॅडम: दुसरी जोडी चढवली.

सिस्टर: मोजे काढायचे की चढवायचे, मॅडम?

मॅडम: तुला कधीपासून संशय आहे?

सिस्टर: मार्चपासूनच. चमचा मी पुसते ना. तुम्ही कीड काढता, चमचा माझ्याकडे करता, मी बोळ्यावर पुसते, परत देते. बावीस वर्षं. कडक दाताचा भुगा कोरडा येतो, पिठासारखा. आणि मार्चनंतर तुम्ही म्हणायचात ‘कडक आहे, भरू या’, आणि माझ्या बोळ्यावर ओलं यायचं. लोण्यासारखं.

मॅडम: तेव्हाच का बोलली नाहीस?

सिस्टर: बोलले की. ‘मॅडम, अजून एकदा बघायचं का?’ सहा वेळा बोलले. सातव्या वेळी तुम्ही म्हणालात, ‘सिस्टर, डिग्री कुणाची आहे?’

मॅडम: मी असं म्हणाले?

सिस्टर: पेशंटसमोर. पेशंट हसला. तोंडात कापूस होता तरी हसला.

मॅडम: मला आठवत नाही.

सिस्टर: तुम्हाला कशाला आठवेल.

मॅडम: मग?

सिस्टर: मग बोलणं बंद केलं. अपॉइंटमेंटची वही हातात घेतली. खोल कीड दिसली की मंगळवारची नाहीतर शुक्रवारची वेळ द्यायची, म्हणजे ती तुमच्या पुतणीकडे जाते. तुमच्याकडे दात साफ करणं, तपासणी, कवळीचं माप.

मॅडम: तरीच. दोन महिने मला नुसती साफसफाई. मला वाटलं, लोक ब्रश करायला लागले.

सिस्टर: तेवढे कुठले करतात!

मॅडम: आणि तू? तुझी दाढ किडली तर शुक्रवारी पुतणीकडे जायचंस. माझ्याकडे कशाला आलीस?

सिस्टर: बघायचं होतं.

मॅडम: काय?

सिस्टर: बोळ्यावरचं ओलं खरं की माझ्या डोक्यातलं. शेवटी डिग्री तुमची. दुसऱ्याच्या तोंडात मला काय कळणार? म्हटलं, माझी दाढ आहे, देऊन बघू. चूक असेल माझी तर फिलिंग छान मिळेल. कुणाला सापडणारही नाही.

मॅडम: मूर्ख आहेस.

सिस्टर: असेन. पण दाढ माझी होती.

मॅडम: ती जाऊ शकते. नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनाल. नाहीतर काढायची.

सिस्टर: काढली तर तिकडून जेवेन.

मॅडम: वहीत वळवायच्या आधीचे पेशंट किती?

सिस्टर: अकरा. कागद खिशात आहे. अ‍ॅप्रनच्या, मी काढते. हा घ्या. नाव, नंबर, दात, तारीख.

मॅडम: या अकराव्यापुढे खूण कसली?

सिस्टर: शाळेतल्या बाईंची. समोरचा दात आहे. त्या आरशात बघून रडल्या होत्या, इतका छान झाला म्हणून. मला तेव्हा कुठे बघावं कळेना.

मॅडम: हं.

सिस्टर: वर काय बघताय, मॅडम?

मॅडम: मला आत्ता काहीतरी वाटायला हवं, नाही का? एवढं सगळं ऐकल्यावर. मी इथे बसून दिव्यावरचा डाग शोधतेय.

सिस्टर: मला काय विचारता? मला अर्धं तोंडच नाहीये.

मॅडम: इथून दिसत नाही तो.

सिस्टर: आडवं व्हावं लागतं. ऐका. मी विचार करून ठेवलाय. ती रंगाची बाटली मी उगाच मागवली नाही. लाल दिसतं ना? दिसतं तेवढं डोळ्यांनी काढा. काढलं की मी चमचा पुसेन, बोळा बघेन, सांगेन ओलं की कोरडं. बोटांना नाही कळत तर नाही. तुमची बोटं मी. कुणाला कळायचं कारण नाही. मोजे चांगले मागवू, ते जाड निळे. बाँडिंगला बोट लावायचं नाही, ब्रश घ्यायचा. हळूहळू येईलही परत.

मॅडम: तू खरंच विचार करून ठेवलायस.

सिस्टर: माझ्यापासूनच सुरुवात करा. दाढ उघडीच आहे. उगाच पुतणीला कशाला?

मॅडम: इकडे आरशात बघ. दिसतंय लाल?

सिस्टर: दिसतंय.

मॅडम: त्याच्या खाली, केसाएवढ्या अंतरावर, नस आहे. तिथे जाताना चमच्याला आधी थोडं लवचीक लागतं. मग थांबायचं. तेवढंच असतं, एक लवचीकपणा. तो बोळ्यावर येत नाही. बोळ्यावर येईपर्यंत मी आत गेलेली असते.

सिस्टर: आत्तापर्यंत कधी गेला नाहीत.

मॅडम: आत्तापर्यंत थांबताना कळत होतं. आणि तू आज बधिर आहेस. मी चुकले तर तू ओरडणारही नाहीस. तुलाही कळणार नाही, मलाही कळणार नाही. दाढ कुणाच्या भरवशावर?

सिस्टर: मग?

मॅडम: मग उद्या शुक्रवार. पहिली वेळ तुझी. पुतणी काढेल. मी दिवा धरेन.

सिस्टर: तुम्ही दिवा धरणार?

मॅडम: वीस सेकंद मोजता येतात मला. उठून बस. सिमेंट मळ.

सिस्टर: मी? तोंडात कापूस घेऊन?

मॅडम: मळतं कोण नेहमी? उद्यापर्यंत उघडं ठेवायचं नाही. पॅड मांडीवर घे.

सिस्टर: काय दवाखाना आहे. पेशंटलाच सिमेंट मळायला लावतात. पावडर एक चमचा, थेंब एक. बाटली उभी धरली ना मी? हात चालतोय माझा, तोंडच तेवढं...

मॅडम: बोलू नको, चमक जाईल.

सिस्टर: चमक आहे अजून. घ्या. चमक आहे तोवर घ्या, नाहीतर धरणार नाही ते.

मॅडम: उघड. हे बरं असतं. याला बाँडिंग लागत नाही, दाताला आपलं आपण धरतं. दिसायला मात्र खडूसारखं. चमच्याच्या पाठीने दाबते.

सिस्टर: अं अं.

मॅडम: काय? बोट? नाही लावत बोट. बघ, मागे घेतलं. सवय आहे. आता तीन मिनिटं तसंच राहा. हलू नकोस.

मॅडम: जिभेने चाचपू नकोस, कळणार नाही तुला. ओबडधोबड आहे. कुणालाही सापडेल.

मॅडम: झालं. मिटून बघ. उंच लागतंय?

सिस्टर: मला कसं कळणार?

मॅडम: खरंय. ही रंगाची पट्टी चाव. निशाण बघते. थोडं इथे उंच आहे. घासते. पुन्हा चाव. आता ठीक. तासभर काही खाऊ नकोस. आणि बधिर आहे तोवर ओठ चावू नकोस.

सिस्टर: ट्रे उचलू?

मॅडम: मी उचलते. तू तो कागद इकडे सरकव. आणि फोन.

सिस्टर: आत्ता? अहो, आधी पुतणीशी बोला. उद्या बोला. काय सांगणार तुम्ही लोकांना? मी करते फोन. म्हणते, नेहमीची तपासणी आहे.

मॅडम: नेहमीची नाहीये.

सिस्टर: बावीस वर्षं फोन मीच करतेय.

मॅडम: तू आत्ता बोललीस तर त्यांना अर्धे शब्द कळतील. सरळ शेवटापासून सुरू करते. शाळेतल्या बाई. नंबर सांग.

सिस्टर: कागदावर आहे, नावाखाली. मॅडम...

मॅडम: काय?

सिस्टर: हे पहिलं बोट वापरू नका. मगाचपासून दाबताय त्याने तुम्ही, पण नंबर लागलाच नाहीये. दुसऱ्या हाताने लावा.

मॅडम: हं. वाजतोय.

सिस्टर: माझा ओठ कधी जागा होणार?

मॅडम: तुझा? पाचपर्यंत.

सिस्टर: हा डाग मात्र आजच पुसणार मी.

मॅडम: श्श. हॅलो. नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. नाही, सिस्टर नाही, मी डॉक्टरच. हो, समोरचा दात. हो, मला माहीत आहे, छान दिसतोय. नाही, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. उद्या सकाळी येता का? नाही, दुखत नसेल. दुखत नसला तरी या.